बाहुलीघराचे छप्पर: मापापासून शेवटच्या कौलापर्यंत

बाहुलीघर बहुधा मेजावर किंवा बुटक्या कपाटावर ठेवलेले असते, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर सर्वांत आधी छपरावर पडते. रस्त्यावर उभे राहिल्यावर खऱ्या घराचे छप्पर तिरके आणि अर्धेमुर्धे दिसते. बाहुलीघराचे मात्र आढ्यापासून (छपराची सर्वांत वरची कड) वळचणीपर्यंत (भिंतीबाहेर आलेली खालची कड), कौलांच्या एकूण एक ओळींसकट उघडे पडते. भिंतीतला मिलिमीटरभराचा फरक रंगाखाली झाकला जातो, पण छपरावरची एक ओळ तिरकी गेली की तिच्यावर बसणारी प्रत्येक ओळ तोच तिरकेपणा पुढे नेते. म्हणून या लेखात रंगकामापेक्षा आकडेमोडीला आणि आखणीला अधिक जागा दिली आहे.

उदाहरणासाठी एकच घर धरू. प्रमाण १:१२, म्हणजे खऱ्या घरातला १ फूट इथे १ इंच होतो. घराची खोली (समोरच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून मागच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत) ३०० मिलिमीटर, लांबी ४१० मिलिमीटर, छप्पर साधे दुपाखी (दोन पाखी, म्हणजे दोन उतरत्या बाजू असलेले), उतार ४५ अंशांचा आणि फळी ६ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची. आपल्या घराची मापे वेगळी असली तरी हिशेबाची रीत हीच राहते.

छप्पर उघडणार कसे?

हा प्रश्न पहिली रेघ मारण्यापूर्वी सोडवावा लागतो, कारण नंतर तो सुटत नाही. माळ्यावरच्या खोलीत हात जायला हवा असेल तर तीन मार्ग आहेत: पूर्ण छप्पर टोपणासारखे उचलून बाजूला ठेवणे, एक पाखे बिजागरीवर उघडणे, किंवा छप्पर कायमचे बसवून मागची बाजू मोकळी ठेवणे. १९२४ मध्ये पूर्ण झालेल्या आणि एडविन लट्येन्स या वास्तुविशारदाने रचलेल्या क्वीन मेरीच्या प्रसिद्ध बाहुलीघरात तर छपरासह बाहेरचे संपूर्ण कवचच यंत्राने वर उचलले जाते. तेवढी हौस आणि तेवढी जागा प्रत्येकाकडे असेलच असे नाही.

माझे मत उचलून काढण्याच्या छपराकडे झुकते. ते करायला सोपे असते, आणि कौले बसवताना ते घरापासून वेगळे करून मेजावर हवे तसे फिरवता येते. त्यासाठी छपराच्या आतल्या बाजूला, त्रिकोणी भिंतींना आतून लागून राहतील अशा १० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या चिकटवाव्यात. छप्पर घरावर ठेवले की त्या पट्ट्यांमुळे ते आपोआप जागेवर बसते आणि डावी-उजवीकडे सरकत नाही. पट्टी आणि भिंत यांत अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक ठेवावी, कारण रंग आणि वॉर्निशचे थर चढल्यावर तंतोतंत बसणारी जोडणी अडकू लागते.

बिजागरीच हवी असेल तर तिची जागा नीट समजून घ्यावी. बिजागरीचा कणा आढ्याच्या वरच्या, बाहेरच्या कडेवर असेल तर पाखे उचलताना त्याची आतली कड दुसऱ्या पाख्यापासून दूर जाते आणि पाखे सहज उघडते. तोच कणा फळीच्या खालच्या बाजूला बसवला तर वरच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि पाखे चार बोटेसुद्धा उघडत नाही. दुसरी अडचण आढ्यावरच्या कौलांची आहे. ती दोन्ही पाख्यांना धरून बसतात, त्यामुळे कोणत्याही एका बाजूला पक्की केली तरी पाखे उचलताना आडवी येतात. अशा वेळी आढ्याची सगळी कौले एका लांब पट्टीवर चिकटवून ती पट्टी छोट्या चुंबकांनी बसवावी आणि छप्पर उघडण्यापूर्वी काढून ठेवावी. पाखे ज्या खेपेला आपोआप खाली पडेल त्या खेपेला खाली कोणाची तरी बोटे असतील, हे लक्षात घेऊन उघड्या पाख्याला टेकू द्यायची सोय त्याच वेळी करावी.

उताराचे गणित

दुपाखी छपराचा हिशेब घराच्या निम्म्या खोलीवर चालतो. आपल्या उदाहरणात ती १५० मिलिमीटर आहे. ४५ अंशांच्या उताराला त्रिकोणी भिंतीची उंचीही तेवढीच, म्हणजे १५० मिलिमीटर येते, आणि भिंतीच्या कडेपासून आढ्यापर्यंतची तिरकी लांबी १५० गुणिले १.४१४, म्हणजे २१२ मिलिमीटर होते. उतार ३० अंशांचा ठेवल्यास उंची काढायला ०.५७७ ने आणि तिरकी लांबी काढायला १.१५५ ने गुणावे. ६० अंशांना हेच आकडे १.७३२ आणि २ असे आहेत. कमी उताराचे छप्पर वरून पाहताना अधिक पसरट वाटते आणि माळ्यावर जागा उरत नाही. ६० अंशांचे छप्पर देखणे दिसते, पण ३० अंशांच्या मानाने कौले जवळजवळ पावणेदोन पट लागतात.

तिरक्या लांबीत वळचण मिळवावी. इथे ती २२ मिलिमीटर धरली आहे, त्यामुळे पाख्याची लांबी २३४ मिलिमीटर होते. दोन्ही टोकांना छप्पर त्रिकोणी भिंतींच्या बाहेर १५-१५ मिलिमीटर काढले की आडवी लांबी ४४० मिलिमीटर भरते.

आता ४५ अंशांचा खरा फायदा पाहा. या उतारात दोन पाखी आढ्यावर बरोबर काटकोनात भेटतात, त्यामुळे कड तिरकी तासावी लागत नाही. एका पाख्याची सरळ कापलेली कड दुसऱ्या पाख्याच्या पोटाला टेकते. वर जाणारे पाखे फळीच्या जाडीइतके लांब कापायचे, म्हणजे एक पाखे २३४ आणि दुसरे २४० मिलिमीटर. जोडल्यावर आखूड पाख्याच्या २३४ मध्ये दुसऱ्याच्या कडेची ६ मिलिमीटर जाडी मिळते आणि बाहेरून दोन्ही बाजू २४० मिलिमीटरच्या दिसतात. याच २४० वर पुढे कौलांचा हिशेब बसवायचा आहे. उतार ४५ अंशांचा नसेल तर दोन्ही पाख्यांची आढ्याकडची कड उताराच्या अंशाइतकी तिरकी तासावी: ३० अंशांच्या छपराला ३० अंश, ४० च्या छपराला ४० अंश.

लाकडाला हात लावण्यापूर्वी हे सगळे जाड पुठ्ठ्यावर कापून, चिकटपट्टीने जोडून घरावर ठेवून पाहावे. वळचण खिडकीच्या वरच्या चौकटीला झाकते का, समोरची भिंत दारासारखी उघडत असेल तर ती वळचणीला अडते का, हे कागदावर कळत नाही. पुठ्ठ्याच्या नमुन्यावर लगेच कळते. चौपाखी छप्पर किंवा माळ्याची पुढे आलेली खिडकी करायची असेल तर हा नमुना अटळच समजावा, कारण तिथले तिरके सांधे मोजण्यापेक्षा पुठ्ठा लावून आखणे अधिक भरवशाचे असते.

सांगाडा आणि जोडणी

प्लायवुड किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) दोन्ही चालतात. एमडीएफची कड स्वच्छ कापली जाते, पण त्याची धूळ फार बारीक असते, म्हणून कापताना आणि घासताना नाकातोंडावर मास्क हवा. फोमबोर्ड हलके असते आणि कटरने सहज कापले जाते. फक्त शोभेसाठी ठेवायच्या लहान घराला ते पुरते, मुलांच्या हातात जाणाऱ्या घराला नाही.

दोन्ही पाखी कापून झाल्यावर गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून प्रत्येकीचे चारही कोपरे तपासावेत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर फळी काटकोनात नाही, आणि ती चूक कौले झाकणार नाहीत, उलट दाखवून देतील. जोडणीसाठी लाकडाचा पांढरा गोंद पुरेसा आहे. आढ्याच्या सांध्याला आतून १० × १० मिलिमीटरची चौकोनी पट्टी लांबीभर चिकटवली की तीच आढ्याच्या तुळईचे काम करते. त्रिकोणी भिंती आधीच घराला पक्क्या बसवलेल्या असतील तर त्यांच्यावर प्लास्टिकचा पातळ कागद अंथरून छप्पर घरावरच ठेवून वाळू द्यावे. छप्पर घराच्या मापातच वाळते आणि गोंद भिंतीला चिकटत नाही.

यानंतरची एक गोष्ट अनेक जण वगळतात. फळीच्या एकाच बाजूवर पाण्यातला रंग किंवा गोंद लावून कागद, पुठ्ठा चिकटवला की वाळताना ती बाजू आक्रसते आणि फळी वाकते. म्हणून कौलांना हात लावण्यापूर्वी फळीच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना प्रायमरचा हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा.

माळ्यावर दिवा लावायचा असेल तर तारेचे छिद्र याच वेळी पाडावे. छपराची आतली बाजू दिसणार असेल तर ५ × ८ मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या ३५ मिलिमीटर अंतराने वाशांप्रमाणे लावाव्यात. खऱ्या घरात हे अंतर ४२ सेंटिमीटर होते, त्यामुळे ते डोळ्याला पटते.

कौले कशाची?

बाजारात तयार लाकडी चकत्या मिळतात आणि त्या सुंदर दिसतात. परंतु पुठ्ठ्याची कौले स्वस्त, हलकी आणि प्रमाणात अचूक ठरतात. जाडीकडे विशेष लक्ष द्यावे. खरे कौल १२ ते १५ मिलिमीटर जाड धरले तर १:१२ मध्ये ते १ ते सव्वा मिलिमीटर होते, तर पाटीच्या दगडाची फरशी त्याच्या निम्मीही जाड नसते. दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याची कौले कितीही चांगली रंगवली तरी छप्पर खेळण्यातले दिसते, कारण वळचणीला दोन थरांची कड एकत्र येते आणि ती खऱ्या घराच्या हिशेबात जवळजवळ पाच सेंटिमीटर जाड भासते.

नळीची कौले हवी असतील तर जाड कागदाच्या पट्ट्या गोल दांडीवर गुंडाळून, वाळल्यावर उभ्या चिरून अर्ध्या नळ्या करता येतात. पन्हाळी पत्र्यासाठी खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओलसर करून सोलून काढला की काम झाले. फक्त त्या नाल्या १:१२ ला थोड्या मोठ्या पडतात. पुढचा हिशेब चपट्या कौलांचा आहे.

कौल २० मिलिमीटर रुंद आणि २८ मिलिमीटर लांब घ्यावे आणि त्याचा १२ मिलिमीटर भाग उघडा ठेवावा. दोन ओळींचा उघडा भाग २४ होतो आणि वर ४ मिलिमीटर उरतात; तेवढ्या भागात तीन थर एकावर एक येतात आणि कुठूनही खालची फळी दिसत नाही. २४० भागिले १२ म्हणजे २० ओळी, ४४० भागिले २० म्हणजे ओळीत २२ कौले. एका पाख्याला ४४०, दोन्हींना ८८०, वळचणीच्या आधाराच्या ओळींची ४४, आणि दहा टक्के तुटफूट धरली की हजाराच्या वर कौले कापावी लागतात. मापे वेगळी असतील आणि भागाकार पूर्ण जात नसेल, तर उघड्या भागाचे माप अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी-जास्त करावे. आढ्याजवळ चार मिलिमीटरची चिंधी ओळ उरणे हे हिशेब न केल्याचे सर्वांत उघड लक्षण असते.

आधी पुठ्ठ्याच्या २८ मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या पोलादी पट्टी धरून कापाव्यात, मग त्यांचे २०-२० चे तुकडे करावेत. कटरचे पाते वारंवार बदलावे. बोथट पाते पुठ्ठ्याची कड दाबून फुगवते आणि ती फुगवटी रंगानंतर ठळक दिसते. पहिल्यांदाच करणाऱ्याने पट्टीचे तुकडे न करता तिला खालच्या कडेपासून दर २० मिलिमीटरवर १३ मिलिमीटर खोल चिरा द्याव्यात आणि अखंड पट्टी चिकटवावी. ओळ सरळ राहते आणि वेळ पुष्कळ वाचतो. सुट्या कौलांमध्ये जो किंचित अनियमितपणा येतो तो या पद्धतीत येत नाही, हे खरे. पण वाकड्या ओळींपेक्षा तो तोटा परवडतो.

आखणी आणि बसवणी

ओळी आखताना कौलाच्या खालच्या कडेची रेघ मारू नये, कारण ती पहिल्याच ओळीखाली झाकली जाते. वरच्या कडेची रेघ मारावी. ती शेवटपर्यंत फळीवर दिसत राहते. पहिली ओळ वळचणीच्या बाहेर २ मिलिमीटर काढायची असल्याने तिच्या वरच्या कडेची रेघ फळीच्या खालच्या कडेपासून २६ मिलिमीटरवर येते, पुढच्या रेघा ३८, ५०, ६२ अशा १२ च्या टप्प्याने. मोजताना प्रत्येक वेळी वळचणीपासूनच मोजावे. मागच्या रेघेपासून पुढची मोजत गेल्यास बारीक चुका साठत जातात. पहिल्या रेघेच्या खाली, फळीच्या खालच्या कडेपासून १४ मिलिमीटरवर, आणखी एक रेघ हवी. ती आधाराच्या ओळीची.

ही आधाराची ओळ १६ मिलिमीटर लांबीच्या आखूड कौलांची असते आणि तीही वळचणीच्या बाहेर २ मिलिमीटर येते. ती नसली तर पहिल्या ओळीच्या फटींतून फळी दिसते आणि वळचणीची कड एकपदरी, अशक्त वाटते. तिच्यावर पहिली ओळ अशी बसवावी की खालचे सांधे वरच्या कौलाच्या मध्यावर येतील. पुढची प्रत्येक ओळ याच रीतीने निम्म्या कौलाने सरकते.

निम्म्या सरकलेल्या ओळीच्या दोन्ही टोकांना १० मिलिमीटरची अर्धी कौले बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. इतका लहान तुकडा हाताच्या धक्क्याने सहज निघतो. त्याऐवजी टोकांना ३० मिलिमीटर रुंदीचे दीडपट कौल लावावे: ३०, मध्ये २० ची १९ कौले, आणि पुन्हा ३० मिळून ४४० बरोबर भरतात. खरे कौलारू कामही टोकाला असेच केले जाते.

गोंद कौलाच्या वरच्या तृतीयांश भागालाच लावावा. खालची कड मोकळी राहिली की ती केसभर उचललेली राहते आणि तिची सावली खालच्या ओळीवर पडते. छपराला जिवंतपणा येतो तो या सावलीमुळे. मुलांच्या खेळण्यातल्या घराला मात्र पूर्ण कौलभर गोंद लावणे शहाणपणाचे. गरम गोंदाची पिचकारी पटकन काम करते, पण तिच्या गाठीमुळे कौल वर उचलले जाते, म्हणून ती इथे नको. पाच ओळी झाल्या की आढ्यापासून दोन्ही टोकांना अंतर मोजावे. दोन्हीकडचे अंतर सारखे नसेल तर फरक पुढच्या तीन-चार ओळींत थोडाथोडा विभागून टाकावा. एकाच ओळीत काढलेला दोन मिलिमीटरचा फरक दुरूनही दिसतो. वरच्या दोन ओळींची कौले आढ्याबाहेर जातात, ती आढ्याच्या कडेशी समतल कापावीत.

धुराडे असेल तर

धुराडे कौलांच्या आधी बसवावे लागते. ते आढ्यावर घोड्यासारखे बसणार असेल तर ४५ अंशांच्या छपरासाठी त्याच्या बुडाला काटकोनी खाच कापावी. धुराड्याची रुंदी ४० मिलिमीटर असेल तर खाचेची खोली निम्मी, म्हणजे २० मिलिमीटर. कौले त्याच्याभोवती मिलिमीटरभर अंतर ठेवून कापावीत आणि शेवटी करड्या रंगाने रंगवलेल्या पातळ कागदाच्या पट्ट्या लावून ती फट झाकावी. धुराडे एकाच पाख्यावर असेल तर पट्ट्यांचा क्रम पाण्याच्या वाटेने ठरतो: खालच्या बाजूची पट्टी कौलांच्या वर, वरच्या बाजूची कौलांच्या खाली. बाहुलीघरावर पाऊस पडत नाही हे मान्य. तरीही उलटी लावलेली पट्टी जाणकाराच्या नजरेत खुपते.

रंग आणि शेवटचा हात

लाकडी चकत्यांना रंगद्रव्य चिकटवण्यापूर्वीच द्यावे, कारण जिथे गोंद लागतो तिथे लाकूड रंग पीत नाही आणि पांढुरके डाग राहतात. पुठ्ठ्याचे उलट आहे. आधी रंगवून कापलेल्या पुठ्ठ्याची प्रत्येक कड पांढरी राहते, म्हणून तो बसवल्यावर रंगवावा आणि पहिला हात खालून वर, कडांमध्ये ब्रश दाबत द्यावा.

एकसारखा विटकरी रंग छपराला मारून टाकतो. मूळ रंग पूर्ण वाळल्यावर त्याच्या तीन-चार छटा करून, एक किंचित तपकिरी, एक किंचित नारिंगी, एक फिकट, विखुरलेल्या एकेका कौलावर लावाव्यात. शेजारशेजारची कौले एकाच छटेची नकोत आणि ठरावीक नक्षीही दिसू नये. त्यानंतर काळपट तपकिरी रंगाचे पातळ पाणी वरून खाली ओढून लगेच कापडाने टिपावे, म्हणजे ते फक्त फटींत राहते. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिकट रंग घेऊन तो कौलांच्या खालच्या कडांवरून हलकेच फिरवावा. शेवाळाचा हिरवा रंग द्यायचाच असेल तर जिथे पाणी साचून ओल टिकते तिथे, म्हणजे धुराड्याच्या वरच्या बाजूला आणि वळचणीजवळ, अगदी थोडा.

आढ्याची कौले या टप्प्यावर येतात. २४ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीला मध्यावर बोथट पात्याने रेघ देऊन दुमडावे, तिचे २५ मिलिमीटरचे तुकडे करावेत आणि ते एकमेकांवर ३ मिलिमीटर चढवत दोन्ही टोकांकडून मध्याकडे बसवत यावे. मध्यावर जे एक कौल उरते ते दोन्ही बाजूंच्या तुकड्यांवर चढते. दोन्ही त्रिकोणी टोकांना फळीची कड आणि कौलांचे थर झाकणारी पातळ लाकडी पट्टी लावावी आणि तिचा रंग खिडक्यांच्या चौकटीशी जुळवावा. वॉर्निश मॅट हवे. चकाकणाऱ्या वॉर्निशखाली छटांचे सगळे काम एका झगमगाटात हरवते. ते दोन पातळ हातांत, पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा, असे द्यावे.

छप्पर जिथे भिंतीवर टेकते तिथे फेल्टची पातळ पट्टी चिकटवली की रंग खरवडला जात नाही. उचलताना हात नेहमी त्रिकोणी टोकांखाली घालावेत, वळचणीखाली नव्हे, कारण बाहेर आलेली २ मिलिमीटरची कड सर्वांत आधी तिथेच मोडते. कापून उरलेली दहा-वीस कौले रंगाच्या त्याच छटांसह एका पाकिटात घालून ते माळ्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावे.